रायफलची काडतुसं स्वतः भरताना

रायफलची काडतुसं मी स्वतः भरतो हे कळलं की समोरच्याचा पहिला प्रश्न बंदुकीच्या दारूबद्दल असतो. घरात ती ठेवायची भीती नाही वाटत? प्रश्न रास्त आहे आणि दारूबद्दल मी पुढे लिहिणारच आहे. पण इतके हंगाम हे काम केल्यावर माझं मत असं झालं आहे की सुरक्षिततेचा मोठा भाग पितळेच्या रिकाम्या पुंगळीत असतो. दारूचं वजन काटा सांगतो. पुंगळी मात्र स्वतः बघावी लागते, चाचपावी लागते, मोजावी लागते, आणि नवशिका माणूस नेमकी तिथेच घाई करतो.

काडतुसाचे भाग चार: पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला, दारू पेटवणारा प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की तीन संपतात आणि पुंगळी उरते. तीच साफ करून, पुन्हा मापात आणून आपण भरत असतो. माझी रायफल .३०८ विंचेस्टरची आहे. हे काडतूस १९५२ साली बाजारात आलं आणि त्याची कमाल दाबमर्यादा अमेरिकेतल्या ‘सामी’ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ६२,००० पौंड प्रति चौरस इंच अशी दिली आहे. नळी आणि तिला मागून बंद करणारा बोल्ट पोलादाचे असतात, ते हा दाब पेलतात. पण तापलेला वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येऊ न देणं हे काम पुंगळीच्या पातळ भिंतीचं. बार उडताच ती फुगून चेंबरला, म्हणजे नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेला चिकटते, वाट बंद करते, आणि दाब उतरला की किंचित आकसून मोकळी होते. हे काम तिच्याकडून आपण पुन्हा पुन्हा करून घेणार असू, तर तिची तब्येत आपल्याला ठाऊक असायलाच हवी.

कायद्याबद्दल आधीच सांगतो. मी शिकार करतो तिथे ती परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात करता येते आणि स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायची मुभा आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, आणि परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. आपण राहतो तिथला कायदा तपासल्याशिवाय कोणी एक अवजारही विकत घेऊ नये.

मी याकडे वळलो ते पैसे वाचवायला नाही. मला हवी ती गोळी, माझ्या रायफलला मानवणारा वेग आणि दर वेळी त्याच जागी लागणारा बार, एवढ्यासाठी वळलो. जखमी जनावर झाडीत निघून जाणं ही शिकाऱ्याच्या हातून घडणारी सगळ्यात वाईट गोष्ट आहे. काडतुसावर भरवसा असेल तर ती शक्यता कमी होते. भरवसा नसेल, तर चाप न ओढणं हेच खरं.

मला शिकवलं एका वयस्कर शिकाऱ्यांनी. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन मॅन्युअलं हातात दिली, एक गोळ्या बनवणाऱ्यांचं आणि एक दारू बनवणाऱ्यांचं. “आधी ही वाच. आकड्यांची पानं सोडून पुढची सगळी पानं वाच,” म्हणाले. पुढच्या वेळी वापरलेल्या पुंगळ्यांची बादली समोर ठेवली. “दारूचा डबा आज उघडायचा नाही. यातल्या ठेवायच्या कुठल्या आणि टाकायच्या कुठल्या, ते वेगळं करून दाखव.” मी वेगळ्या केल्या, त्यांनी एकेक उचलून पुन्हा पाहिली. ते बरेच दिवस असंच चाललं. त्या काळात माझ्या हाताला जी सवय लागली तिच्यावरच माझं आजचं सगळं काम उभं आहे.

पुंगळीवर काय दिसतं ते सांगतो. मानेला, म्हणजे गोळी धरणाऱ्या तोंडाकडच्या अरुंद भागाला, उभी चीर असेल तर ती पुंगळी बाद, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. बुडाच्या थोडं वर, जाड भाग संपून पातळ भिंत सुरू होते तिथे बाहेरून चकचकीत कडं दिसलं, तर मात्र थांबायचं. तिथे आतून भिंत झिजलेली असू शकते, आणि पुढच्या एखाद्या बारात पुंगळी तिथूनच दोन तुकडे होते. ते बाहेरून नेहमी दिसतंच असं नाही. म्हणून मी एक बारीक पण ताठ तार ठेवली आहे, टोकाला काटकोनात वाकवून घासून टोकदार केलेली. ती आत सोडून बुडाकडून तोंडाकडे भिंतीवरून ओढत आणायची. भिंत धड असेल तर टोक सरळ येतं. झिजली असेल तर टोक खाचेत अडखळतं आणि बोटाला ते स्पष्ट कळतं.

हे झिजणं का होतं हे समजलं तेव्हा मला या कामाची गोडी खऱ्या अर्थाने लागली. चेंबर आणि पुंगळी यांच्यात लांबीच्या दिशेने थोडी मोकळीक असते. फायरिंग पिन आपटली की पुंगळी पुढे ढकलली जाते. दाब चढताना तिचा पुढचा पातळ भाग चेंबरला घट्ट धरून बसतो, आणि जाड बूड तेवढं मागे बोल्टपर्यंत सरकतं. म्हणजे मधली भिंत ताणली जाते. मग आपण पुंगळी मापात आणायला डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात घालतो आणि तिचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतरता भाग, पुन्हा मागे ढकलतो. खांदा गरजेपेक्षा जास्त मागे गेला की पुढच्या बारात पुन्हा तेवढाच ताण. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसाच हा प्रकार. दोष पितळेचा नसतो, डाय बसवणाऱ्याचा असतो.

डाय प्रेसमध्ये पूर्ण खाली, पुंगळीचं बूड धरणाऱ्या शेल होल्डरला टेकेपर्यंत फिरवा, अशी सरधोपट सूचना मिळते. त्याने पुंगळी कुठल्याही चेंबरमध्ये जाते हे खरं. पण माझ्या चेंबरसाठी तिचा खांदा किती मागे जातोय हे त्यातून कळत नाही. मी व्हर्नियर कॅलिपरला कंपॅरेटर (खांद्यावर टेकणारा जोड) लावून माझ्याच रायफलमधून उडवलेल्या पुंगळीचं बुडापासून खांद्यापर्यंतचं माप घेतो, आणि डाय थोडी थोडी खाली आणत खांदा त्याच्या साधारण दोन हजारांश इंच, म्हणजे ०.०५ मिलिमीटर मागे नेतो. बोल्ट सहज मिटतो आणि पितळ ताणलं जात नाही. हे माप घेण्यात जाणारा वेळ हा या सगळ्या छंदात सगळ्यात सत्कारणी लागलेला वेळ आहे असं मला वाटतं. काहीजण फक्त मान मापात आणतात. निशाणेबाजीला ते चालतही असेल, पण शिकारीच्या काडतुसाने थंडीत, धुळीत, घाईत सुद्धा चेंबरमध्ये अडायला नको, म्हणून मी पूर्ण पुंगळीच डायमधून काढतो.

डायमध्ये घालण्याआधी बाहेरून वंगण लावतात, अगदी पुसट. कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अडकून बसते, जास्त झालं तर खांद्यावर पोचे पडतात. नंतर ते पुसून काढणं तितकंच महत्त्वाचं. तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि सगळा जोर बोल्टवर येतो.

पितळ वापराबरोबर लांबही होतं. .३०८ च्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच आणि कापून आणायची लांबी २.००५ इंच, म्हणजे अनुक्रमे ५१.१८ आणि ५०.९३ मिलिमीटर. मान यापेक्षा लांब झाली की तिचं तोंड चेंबरच्या टोकाशी दाबलं जातं, गोळी सुटायला जागा उरत नाही आणि दाब एकदम चढतो. बाहेरून काडतूस अगदी निर्दोष दिसत असतं. म्हणून मापात आणलेली प्रत्येक पुंगळी मी मोजतो. लांब असेल ती कापायची आणि कडेची धार आतून-बाहेरून मारायची.

साफसफाईबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पितळ चकाचक करणाऱ्या काही द्रावणांत अमोनिया असतो, तो पुंगळीला लावायचा नाही. ब्रिटिश काळात भारतातल्या लष्कराची काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. घोड्यांच्या पागेजवळ साठवलेल्या मालात हे दिसे. कारण उलगडलं १९२१ साली: घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि थंड ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण, या दोन्हींनी मिळून चिरा पडत होत्या. काडतुसाच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं, आणि त्या मिश्रणाला अमोनिया सोसत नाही. पुंगळी स्वच्छ असावी, ती आरशासारखी असण्याची गरज नाही.

स्वच्छ करताना धोका आपल्या फुप्फुसांनाही असतो. बहुतेक प्रायमरच्या मिश्रणात शिशाचं संयुग असतं. बार उडाल्यावर ते काजळीत उरतं आणि कोरड्या टंबलरच्या, म्हणजे पुंगळ्या घोळवून घासणाऱ्या यंत्राच्या धुळीत मिसळतं. मी पाण्यात धुण्याची पद्धत पसंत करतो. कोरडी करायचीच झाली तर बाहेर मोकळ्या हवेत, मास्क लावून. कामाच्या टेबलावर खाणंपिणं नाही, काम झालं की साबणाने हात धुवायचे, आणि ते कपडे मुलांच्या कपड्यांत टाकायचे नाहीत.

पुन्हा पुन्हा वापरून मान कडक होते, तेव्हा तिला तापवून मऊ करतात. त्यातला एकच नियम ध्यानात असावा: उष्णता मानेला आणि खांद्याला, बुडाला कधीही नाही. मऊ झालेलं बूड दाब पेलू शकत नाही, आणि तापून मऊ पडलेलं बूड पुन्हा कडक करण्याचा घरगुती उपाय नाही.

प्रायमर बसवताना डोळ्यांवर चष्मा असतोच. माझ्या पुंगळ्या बॉक्सर पद्धतीच्या, म्हणजे बुडाच्या मधोमध एकच छिद्र असलेल्या. जुना प्रायमर त्यातून पिनेने सहज निघतो. नवा प्रायमर बुडाच्या पातळीच्या किंचित खाली, तीन ते पाच हजारांश इंच आत बसायला हवा. मी प्रत्येकावरून बोट फिरवतो. वर राहिलेला प्रायमर बोटाला टोचतो. तो रिकाम्या पुंगळीत असतानाच नीट करायचा. दारू भरून गोळी बसवलेल्या काडतुसात प्रायमर दाबायचा नाही, कुठल्याही कारणाने नाही. आणि प्रायमर अगदीच सैल, जोर न लावता बसला, तर त्या पुंगळीचं बूड पसरलं आहे असं समजून ती बाजूला काढायची. प्रायमर मूळ खोक्यातच ठेवावेत. त्या खोक्यात प्रत्येकाला वेगळी जागा असते ती उगाच नाही. काचेच्या बरणीत एकत्र ओतलेले प्रायमर एकाबरोबर सगळे उडू शकतात.

आता दारू. धूरविरहित दारू मोकळ्यावर भडकून जळते. तिला कोंडलं की दाब तयार होतो. म्हणून ती हवाबंद लोखंडी पेटीत ठेवायची नसते. माझी दारू मूळ डब्यात, जाड लाकडी कपाटात, थंड आणि कोरड्या जागी असते. प्रायमर तिच्यापासून लांब ठेवतो. डबा उघडल्यावर आंबूस, झोंबरा वास आला किंवा तांबूस वाफ दिसली तर ती दारू विघटित होते आहे. ती वापरायची नाही, ठेवायचीही नाही.

भरताना टेबलावर एकच डबा. दुसरा असेल तर कपाटात, कपाट बंद. याचं कारण नावांमध्ये आहे. एच ४३५० आणि आयएमआर ४३५० यांचा आकडा एकच, पण दारू वेगवेगळ्या, आणि एकीचं माप दुसरीला लावता येत नाही. मी लेबल मोठ्याने वाचतो, मॅन्युअलमधली ओळ मोठ्याने वाचतो आणि वहीत लिहितो. काम संपलं की मापकात उरलेली दारू लगेच त्याच डब्यात परत. मापकात रात्रभर राहिलेली दारू सकाळी कुठली हे आठवणीवर सोडण्याइतकी गोष्ट क्षुल्लक नाही.

वजन ग्रेनमध्ये करतात. एका पौंडात ७,००० ग्रेन, म्हणजे ग्रेनचा दहावा भाग साधारण साडेसहा मिलिग्रॅमचा. इतक्या बारीक मापाला पंख्याचा वारासुद्धा हलवतो. इलेक्ट्रॉनिक काटा मी आधी तापू देतो, प्रमाणित वजनाने तपासतो, आणि मधे मधे पुन्हा तपासतो. मोबाइल त्या टेबलाजवळ नसतो.

मी इथे दारूचं एकही माप दिलेलं नाही, आणि ते जाणूनबुजून. माप घ्यायचं ते छापील, चालू आवृत्तीच्या मॅन्युअलमधून, आणि तेसुद्धा तीच गोळी, तीच दारू, तोच प्रायमर असेल तर. मॅन्युअलमध्ये सुरुवातीचं माप दिलेलं असतं. फक्त कमाल माप दिलं असेल तर दहा टक्के कमी करून सुरुवात करण्याचा रिवाज आहे. मित्राने सांगितलेलं माप त्याच्या रायफलचं असतं. लष्करी पुंगळ्यांच्या भिंती बहुधा जाड असतात, आत जागा कमी, त्यामुळे तीच दारू त्यांत जास्त दाब देते. साध्या प्रायमरऐवजी जास्त जोरदार मॅग्नम प्रायमर लावला तर पुन्हा खालून सुरुवात. अति कमी भरणं हाही सुरक्षित मार्ग नाही. मंद जळणारी दारू अर्धवट भरलेल्या पुंगळीत कशी वागेल याचा भरवसा नसतो.

पुंगळी जवळजवळ भरेल अशी दारू मी निवडतो. मग चुकून दुप्पट पडली तर ती तोंडातून ओसंडते आणि लगेच दिसते. सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून, गोळी बसवण्याआधी, टॉर्चच्या उजेडात एकेकीत डोकावतो. एखादी रिकामी राहिली असेल तर तीही इथेच सापडते. रिकाम्या पुंगळीचा प्रायमर एकटा गोळीला नळीच्या सुरुवातीला ढकलून अडकवू शकतो, आणि तिच्या मागे दुसरा पूर्ण बार गेला तर नळी फुटते. दारू भरताना कोणी हाक मारली, दारावर कोणी आलं, तर परत येऊन ठोकळ्यातली सगळी दारू डब्यात ओतून मी पहिल्यापासून सुरू करतो. घरच्यांना हे माहीत आहे आणि ते त्या वेळी हाक मारत नाहीत.

गोळी बसवणं त्या मानाने सरळ. .३०८ ची एकूण लांबी जास्तीत जास्त २.८१० इंच, म्हणजे ७१.३७ मिलिमीटर, आणि ती मॅगझिनमध्ये मावायला हवी. गोळी नळीच्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना टेकली तर दाब वाढतो, फार आत गेली तर दारूची जागा कमी होऊन तेव्हाही वाढतो. संपूर्ण तांब्याच्या गोळ्या तेवढ्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असतात, त्यांची मापं वेगळी पाहावी लागतात.

मग रेंज. प्रत्येक मापाची थोडी काडतुसं, कमी मापापासून चढत, सोबत वेग मोजायला क्रोनोग्राफ. प्रत्येक बारानंतर पुंगळी उचलून बघायची. प्रायमर सपाट पसरला आहे का, पिनेच्या खुणेभोवती कडा उठली आहे का, बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा आहे का. बोल्ट उचलताना जड गेला तर त्या मापाचं काम तिथेच संपलं, वरची काडतुसं घरी नेऊन मोडायची. पण या खुणा उशिरा उमटतात. काही रायफलींमध्ये दाब मर्यादेबाहेर गेल्यावरच दिसतात. म्हणून मी वेगाला जास्त मानतो. दारू कमाल मापाच्या खाली असतानाच मॅन्युअलमधला कमाल वेग आला, तर माझ्या नळीसाठी मर्यादा तिथेच आहे. त्याहून वर जायचं कारण मला कधी सापडलेलं नाही. थोड्या वाढीव वेगाने जनावराला काही फरक पडत नाही, गोळी कुठे लागते याने पडतो.

चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबायचं, मग बोल्ट उघडायचा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढचा बार नाही. रायफल रिकामी करायची आणि नळी आरपार मोकळी आहे हे डोळ्यांनी पाहायचं.

हंगामासाठी निवडलेलं काडतूस मी रेंजवरच मॅगझिनमधून चेंबरमध्ये भरून पाहतो, नळी निशाणाच्या दिशेला ठेवून. उन्हात तापलेल्या गाडीत ती ठेवत नाही, कारण दारू गरम झाली की दाब वाढतो. कमाल मापाच्या खाली राहण्याचं हेही एक कारण.

प्रत्येक डबीवर चिठ्ठी असते: गोळी, दारू, माप, प्रायमर, पुंगळी कितव्यांदा भरली, तारीख, आणि कुठल्या रायफलसाठी. चिठ्ठी नसलेलं काडतूस, मग ते माझ्याच हातचं का असेना, मी उडवत नाही. हातोडीसारखा बुलेट पुलर असतो, त्याने गोळी सुटी करून आतली दारू नियमाप्रमाणे नष्ट करतो. बाद पुंगळीचं तोंड पकडीने चेपून मगच भंगारात टाकतो, म्हणजे ती चुकून कोणाच्या बादलीत परत जाणार नाही.

ओळखीचे शिकारी कधी कधी विचारतात, “तुझी थोडी काडतुसं देशील का? माझीही .३०८ च आहे.” मी देत नाही. त्यांचं चेंबर, त्यांच्या नळीतल्या आट्या, त्यांची मोकळीक मी मोजलेली नसते. त्याऐवजी मी त्यांना टेबलाशी बोलावतो आणि पुंगळ्यांची बादली पुढे ठेवतो.